लोकल रेडिओ स्टेशन लोकांना आपलं वाटावं म्हणून नक्की काय करायचं

नवीन स्टेशन काढणारी मंडळी असोत नाहीतर चालू स्टेशन सुधारायला बसलेली, चर्चा फिरून फिरून गाण्यांवर येते. जुनी किती घ्यायची, नवी किती, सकाळी संथ की उडती, मग आरजेचा आवाज कसा पाहिजे, जिंगल कुणाकडून करून घ्यायची. हे सगळं लागतंच, नाही म्हणत नाही, पण यातल्या कशानेही लोकल स्टेशन मोठं होत नाही. गाणी आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत, पाहिजे ते गाणं पाहिजे तेव्हा. गोड आवाजही ढिगाने आहेत. ज्या बाबतीत तुमच्याशी कुणीच स्पर्धा करू शकत नाही अशी गोष्ट एकच, आपल्या भागात आज काय चाललंय हे माहीत असणं आणि ते वेळेत सांगणं. नदीपलीकडचा रस्ता खचलाय का, पाणी उद्या येणार की परवा, दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात, काल हरवलेले आजोबा सापडले का. मोठ्या चॅनेलला हे कळत नाही, आणि कळलं तरी ते सांगून त्यांचा काही फायदा नसतो. तुमचं स्टेशन दहा-बारा किलोमीटरच पोचतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तेवढ्या भागातल्या माणसांसाठी हे काम करणारे तुम्ही एकटेच आहात.

म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे, बाकीचं त्याच्या मागून येतं.

आधी स्वतःचं स्टेशन ऐका

बहुतेक स्टेशनवर प्रसारणाचं लॉग रेकॉर्डिंग, म्हणजे जे जे हवेत गेलं त्याची नोंद, होत असतंच. त्यातला एखाद्या साध्या दिवसाचा एक तास काढा, खास कार्यक्रमाचा नको, मुद्दाम एखादा कंटाळवाणा मंगळवार घ्या. सगळ्या टीमने एकत्र बसून तो ऐकायचा, फोन बाजूला ठेवून. कागदावर दोन रकाने आखा. गाण्यांच्या मध्ये आरजे जे जे बोलला किंवा बोलली त्या प्रत्येक लिंकला एकच प्रश्न विचारायचा, हेच वाक्य दोनशे किलोमीटरवरच्या स्टेशनवरून तसंच्या तसं गेलं असतं तर चाललं असतं का? चाललं असतं तर डावीकडे लिहा, नसतं चाललं तर उजवीकडे.

बऱ्याच ठिकाणी उजवा रकाना जवळजवळ रिकामा निघतो, जिंगलमधलं शहराचं नाव सोडलं तर काहीच नाही. आणि यात आरजेला धारेवर धरू नका, कारण त्याच्या हातात सांगायला काही दिलेलंच नसतं, मग तो बिचारा नटनट्यांचे वाढदिवस आणि आजचा दिवस हसत घालवा असं बोलून वेळ भरून काढतो. सुरुवातीला एवढंच ठरवा की दर तासाला उजव्या रकान्यातल्या निदान चार गोष्टी गेल्याच पाहिजेत. चार ऐकायला कमी वाटतात पण पहिल्या आठवड्यात त्या जमवतानाच नाकी नऊ येतात, आणि मग टीमला आपोआप कळतं की काम स्टुडिओच्या बाहेर आहे.

एक लिंक जवळून बघू. समजा सकाळपासून जोराचा पाऊस आहे. नेहमीची लिंक अशी जाते, "मंडळी, आज पावसाने चांगलाच जोर धरलाय, बाहेर पडताना काळजी घ्या, छत्री विसरू नका आणि ऐकत राहा." पाऊस पडतोय हे ऐकणाऱ्याला खिडकीतून दिसतंय, त्याला यातून काय मिळालं? आता तीच लिंक अशी करून बघा, "आठ वाजून दहा मिनिटं झालीत. रेल्वे पुलाखाली गुडघ्याच्या वर पाणी आहे, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिथून गेलेल्या बस ड्रायव्हरने आपल्याला फोन करून सांगितलंय. दुचाकी तिकडून नेऊ नका, वरच्या फाटकाने जा. शाळांना सुट्टी आहे का हे अजून ठरलेलं नाही, शिक्षण खात्याशी साडेआठला बोलणं होईल, झालं की लगेच सांगते." यात वेळ आली, जागा आली, कुणाकडून कळलं ते आलं, काय करायचं ते आलं, आणि काय अजून कळलेलं नाही अन् कधी कळेल तेही आलं. सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंद. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे ज्यांच्या घरात शाळेत जाणारी पोरं आहेत ते साडेआठपर्यंत रेडिओ बंद करत नाहीत. फक्त साडेआठला म्हणालात तर साडेआठला बोलायचंच, काही कळलं नसेल तर अजून कळलेलं नाही असं सांगायचं, पण गप्प बसायचं नाही. लोक माहिती उशिरा मिळाली तर माफ करतात, वेळ देऊन विसरलात तर नाही करत.

माहिती आणायची कुठून

वरचा बस ड्रायव्हर आपोआप फोन करत नसतो, त्याच्यामागे कुणीतरी महिनोनमहिने केलेली ओळख असते. त्यासाठी एक जाडजूड वही करा (कॉम्प्युटरवर ठेवा पाहिजे तर, पण छापील प्रत स्टुडिओत पाहिजेच, लाइट गेल्यावर तीच उपयोगी पडते). वहीत पाणी, वीज, बस डेपो, सरकारी दवाखाना, पोलीस, अग्निशमन, शाळा, बाजार, हवामान अशी पानं पाडा. आणि लक्षात घ्या, साहेबांचा नंबर रोजच्या कामाचा नसतो, साहेब मीटिंगमध्ये असतात. व्हॉल्व्हची चावी ज्याच्या हातात आहे त्याचा नंबर पाहिजे. सबस्टेशनवरचा रात्रपाळीचा ऑपरेटर, डेपोतला कंट्रोलर, दवाखान्यात केसपेपर काढणारी बाई. या माणसांना एकदा प्रत्यक्ष भेटा, स्टेशन काय करतंय ते सांगा, आणि त्यांचं नाव ऑन एअर घेतलं तर चालेल का हे आधीच विचारून ठेवा, कारण एखाद्याची नोकरी धोक्यात आली तर तो माणूसही गेला आणि त्याच्याबरोबरचे चार जणही.

मग रोज सकाळी ठरलेल्या वेळेला एकाच माणसाने या सगळ्यांना फोन फिरवायचे. "आज काही?" एवढंच विचारायचं. दहातले सात जण नाही म्हणतील. तरी फोन करायचाच, कारण ज्या दिवशी खरंच काही असेल त्या दिवशी तेच तुम्हाला आठवणीने फोन करतात.

याशिवाय प्रत्येक वस्तीतून एक-दोन माणसं जोडा ज्यांना मुळातच सगळ्या खबरी असतात, अशी माणसं सगळीकडे असतात, शोधावी लागत नाहीत. त्यांना पत्रकारिता शिकवत बसू नका, वरच्या लिंकमधल्या पाच गोष्टी शिकवा, कधी, कुठे, कुणी सांगितलं, लोकांनी काय करायचं, काय माहीत नाही. एवढं जमलं की झालं.

पडताळणीबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. जी माहिती ऐकून लोक धावत सुटतील, उदाहरणार्थ धरण, आग, साथ, हरवलेलं मूल, ती एका माणसाच्या सांगण्यावरून हवेत सोडायची नाही, दुसरीकडून खात्री झालीच पाहिजे. आणि अफवा खोडताना अफवेचं वाक्य पुन्हा म्हणू नका. "धरण फुटल्याची बातमी खोटी आहे" असं बोललात तर अर्धवट लक्ष असलेल्याला पहिले तीन शब्दच ऐकू येतात. त्याऐवजी "धरण सुरक्षित आहे, दरवाजे बंद आहेत, दहा मिनिटांपूर्वी तिथल्या अभियंत्यांशी बोललो" असं सरळ खरं काय ते सांगायचं.

अजून एक, लायसनमध्ये बातम्यांबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा. देशोदेशी नियम वेगळे आहेत. भारतात खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओ (म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं स्टेशन) दोघांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण वाहतूक, हवामान, पाणी-वीज, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, नोकरीच्या जागा, स्थानिक कार्यक्रम, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना ही माहिती सरकारनेच बातम्यांच्या बाहेर धरलेली आहे. बातम्यांना बंदी आहे म्हणून आम्ही नुसती गाणी लावतो, असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा बघावी, चोवीस तास पुरेल एवढा ऐवज आहे त्यात.

फोन-इन, आणि उत्तर बाकीची वही

फोन-इन, म्हणजे श्रोत्यांचे फोन थेट हवेत घ्यायचा कार्यक्रम, सगळेच करतात पण बहुतेक ठिकाणी त्याचं फर्माइशीचं गाणं आणि नमस्कार-चमत्कार एवढंच होऊन बसतं. चांगला फोन-इन करायचा तर दोन माणसं लागतात, एक माइकवर आणि एक फोनवर. फोनवरच्या माणसाने फोन आत सोडायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या, कुठून बोलताय, काय सांगायचंय, आणि रेडिओचा आवाज बंद केलाय ना. तिसरा प्रश्न विसरलात की शिट्टी वाजते आणि पहिला अर्धा मिनिट त्यातच जातो. जमलं तर काही सेकंदांचा डिले लावा, म्हणजे कुणी शिवी दिली किंवा कुणाचं नाव घेऊन आरोप केला तर तो हवेत जायच्या आधी कापता येतो.

माइकवरच्या माणसासाठी सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गप्प राहणं. पहिल्यांदा फोन करणारा माणूस अडखळतो, मध्येच थांबतो. आरजेला त्या शांततेची भीती वाटते, लगेच काहीतरी बोलून ती भरून टाकतो आणि समोरच्याचं जे खरं सांगायचं होतं ते राहूनच जातं. मनात एक-दोन-तीन मोजा. बहुतेक वेळा तिसऱ्या आकड्याच्या आत तो माणूस पुढचं वाक्य बोलतो आणि तेच वाक्य त्या पूर्ण तासातलं सगळ्यात चांगलं वाक्य असतं.

आता खरी गोष्ट. एखाद्या बाईंनी फोन करून सांगितलं की आमच्या बोळातला दिवा महिनाभर बंद आहे, पोरी क्लासवरून अंधारातून येतात. इथे बहुतेक स्टेशन "आम्ही संबंधितांपर्यंत पोचवू" म्हणून पुढचं गाणं लावतात आणि विषय संपतो. तुम्ही असं करा, स्टुडिओत एक वही ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा उत्तर बाकी. तारीख, कोण, कुठलं ठिकाण, काय अडचण, आणि पुढच्या रकान्यात कुणाला विचारलं, काय म्हणाले. दुसऱ्या दिवशी वीज खात्याला फोन, त्यांनी दिलेली तारीख वहीत. ती तारीख आली की त्या बाईंना पुन्हा फोन, लागला का दिवा? लागला असेल तर ऑन एअर सांगा आणि ज्याने लावला त्याचं कौतुक करा, अगदी मनापासून करा, कारण सरकारी माणसाचं चांगलं कुणी बोलत नाही आणि पुढच्या वेळी तो तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. लागला नसेल तर तेही सांगा, न चिडता, "तेवीस तारखेला लावतो म्हणाले होते, आज सत्तावीस आहे, पुन्हा विचारतोय."

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला ही वही वाचायचा कार्यक्रम करा. पंधरा मिनिटं पुरतात. यात ना पाहुणे लागतात ना पैसे, आणि माझ्या मते लोकल स्टेशनवरचा याच्याइतका जोरदार कार्यक्रम दुसरा नाही. वहीत किती गोष्टी पडून आहेत हे सगळ्यांना ऐकू येतं, आणि ज्यांनी कधीच फोन केला नव्हता ते फोन करायला लागतात.

कुणाचा आवाज ऐकू येतो

दोन रकान्यांसारखीच अजून एक तपासणी, आठवडाभरात कोण कोण बोललं त्याची यादी काढा. बायका किती, म्हातारी माणसं किती, हातावर पोट असलेली किती, गावकुसाबाहेरची किती, दुसरी भाषा बोलणारी किती. ज्यांचा आवाज कधीच येत नाही ते तुमचं स्टेशन ऐकत नाहीत, साधं गणित आहे.

तेलंगणातल्या माचनूर गावातलं संघम रेडिओ २००८ साली सुरू झालं, ते चालवतात दलित शेतकरी बायका, रेकॉर्डिंग, एडिटिंग, माइक सगळं त्यांच्याच हातात, आणि बोलतात त्यांच्या रोजच्या बोलीत, बियाणं, पीक, औषधी झाडपाला, गाणी यावर. बाहेरून कुणी येऊन त्यांच्याबद्दल बोलत नाही, त्याच बोलतात. कार्यक्रमातून आपल्या बोलीचे कोपरे घासून गुळगुळीत करायची घाई करणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवावं.

दुसरं उदाहरण जपानचं. १७ जानेवारी १९९५ ला कोबे शहरात मोठा भूकंप झाला. नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी कुटुंबं बरीच होती, सूचना येत होत्या जपानीत, आणि ज्यांना जपानी नीट कळत नव्हतं त्यांना पाणी कुठे मिळतंय, तात्पुरती घरं कुठे आहेत हेसुद्धा समजेना. मग तिथल्या लोकांनी छोटे छोटे ट्रान्समीटर लावून कोरियन आणि व्हिएतनामी भाषेत बोलायला सुरुवात केली, आणि वर्षभरात त्यातूनच एफएम वायवाय नावाचं अनेक भाषांचं कम्युनिटी स्टेशन उभं राहिलं. तुमच्या भागात कामासाठी बाहेरून आलेली माणसं असतील तर आठवड्यातून अर्धा तास त्यांच्या भाषेत द्या, आणि तो त्यांच्यापैकीच कुणालातरी करू द्या.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल फार काही नाही. समोर एकच माणूस बसलाय असं धरून बोला, "तमाम श्रोते हो" वगैरे नको, रेडिओ माणूस एकट्याने ऐकतो, भाजी चिरताना, गाडी चालवताना. स्क्रिप्ट लिहिलीत तर तोंडाने म्हणून बघत लिहा, ज्या वाक्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो ते तोडा. आणि फोन नंबर, पत्ता, तारीख दोनदा सांगा, दुसऱ्यांदा सावकाश, पहिल्यांदा ऐकताना माणूस पेन शोधत असतो.

आवाज स्वच्छ पाहिजे

महागडं सामान नसलं तरी चालतं, पण ऐकताना कान दुखता कामा नयेत. माइकपासून वीतभर अंतर ठेवा आणि तोंड अगदी सरळ समोर न धरता थोडं तिरकं ठेवा, म्हणजे प आणि फ बोलताना हवेचा फटका बसत नाही. खोली घुमत असेल तर भिंतींना जाड पडदे, मागे पुस्तकांची मांडणी, खाली सतरंजी, एवढ्याने बराच फरक पडतो. पंखा बंद करा, फ्रिज शेजारच्या खोलीत असला तरी त्याची घरघर येते. सलग घूं असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा तो विजेचा, आपल्याकडे ५० हर्ट्झचा, अर्थिंग आणि केबल तपासा.

रेकॉर्ड करताना लेव्हल वर टेकवू नका, सगळ्यात मोठ्या आवाजालाही मीटर शून्याच्या बऱ्यापैकी खाली, उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. हळू झालेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. बाहेर रेकॉर्डिंगला गेलात तर माइकवर फोमचं किंवा केसाळ कव्हर लावा, वारा सगळ्यात आधी सगळं बिघडवतो. आणि मुलाखत झाल्यावर लगेच निघू नका, अर्धा-एक मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करून घ्या, एडिट करताना दोन तुकडे जोडायला तो लागतोच, शिवाय त्या जागेचा जिवंतपणा त्यातच असतो.

ट्रान्समीटरबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, लांब पोचायचं तर पॉवर वाढवा. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात त्यामुळे उंची जास्त कामाला येते. सपाट जमिनीवर ३० मीटर उंच अँटेनाचं रेडिओ क्षितिज, म्हणजे तिच्या लहरींच्या नजरेची हद्द, २२ किलोमीटरच्या आसपास येतं, तेच १२० मीटर उंची मिळाली तर दुप्पट होतं. पॉवर दुप्पट केली तर मिळतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे सिग्नल थोडासाच वाढतो. अर्थात दोन्हीला लायसनची मर्यादा असते, भारतात कम्युनिटी रेडिओला साधारणपणे १०० वॉट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी पॉवर) आणि ३० मीटर उंची. म्हणून जागा निवडतानाच डोकं लावा, स्टुडिओ गावात असू दे पण अँटेना उंचावर कशी जाईल ते आधी बघा, आणि मग स्वस्तातला छोटा रेडिओ हातात घेऊन सगळ्या वस्त्या पायी फिरा, कुठे खरखर येते ते नकाशावर मांडा. तुमच्या ऑफिसातल्या भारी सेटवर चांगलं ऐकू येतंय याला काही अर्थ नाही.

गाण्यांचं थोडक्यात. हक्कांची परवानगी आणि रॉयल्टी नीट भरा. आणि आपल्या भागातले गाणारे-वाजवणारे रेकॉर्ड करा, तेवढा ऐवज फोनवर कुठेच मिळत नाही. रेकॉर्डिंगला नाव, गाव, तारीख जोडून ठेवा, दहा वर्षांनी तोच तुमचा खजिना असतो.

मध्यरात्री फोन कोण उचलणार

सगळं साधलं आणि हे एक राहिलं तर मला ते स्टेशन चांगलं म्हणता येणार नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या मायनॉट शहराजवळ १८ जानेवारी २००२ ला मध्यरात्रीनंतर मालगाडी रुळांवरून घसरली, टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. लोकांना सांगायचं होतं की घरातच थांबा, बाहेर पडू नका. पोलिसांनी आणीबाणीसाठी ठरलेल्या रेडिओ स्टेशनला फोन लावले, पण कुणाशी बोलणंच होईना. चूक कुणाची, स्टेशनची की पोलिसांकडच्या यंत्रणेची, यावर पुढे खूप वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक माणूस त्या रात्री गेला आणि शेकडो लोकांना त्रास झाला, आणि तुमच्या स्टेशनला रात्री दोन वाजता फोन आला तर कोण उचलतो हा प्रश्न उरतोच.

उलट उदाहरणही आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएल हे स्टेशन चालू राहिलं, आणि नंतर एरवी एकमेकांचे श्रोते पळवणाऱ्या रेडिओ कंपन्यांनी एकत्र येऊन एकच प्रसारण सगळ्या स्टेशन्सवरून दिलं, अडकलेली माणसं तिथे फोन करून कुठे अडकलोय ते सांगत होती. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर कित्येक छोट्या स्टेशन्सच्या इमारती पडल्या किंवा तडकल्या, तर त्यांनी बाहेर तंबूत आवाजाचा मिक्सर मांडून प्रसारण सुरू केलं.

हे त्या दिवशी सुचत नाही, आधी ठरवावं लागतं. रात्री आपोआप चालणारी प्लेलिस्ट असू दे, पण एक नंबर असा पाहिजे की तो कायम कुणाच्या तरी खिशात वाजतो, आणि आठवड्याची पाळी भिंतीवर लावलेली पाहिजे. तो नंबर पोलीस, अग्निशमन आणि दवाखान्याकडे लेखी दिलेला पाहिजे, दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडची माणसं बदलली का ते बघायचं. स्टुडिओची किल्ली निदान तिघांकडे, त्यातला एक पायी पोचेल इतक्या अंतरावर राहणारा. ट्रान्समीटरला बॅटरी किंवा जनरेटर, आणि तो महिन्यातून एकदा खरंच भार टाकून चालवायचा, नुसता सुरू करून बंद नाही, डिझेल भरलंय का, ते किती तास पुरतं हे लिहून ठेवायचं. प्लेलिस्ट तोडून लाइव्ह कसं जायचं हे मोठ्या अक्षरात छापून कन्सोलशेजारी (आरजेसमोरच्या बटणांच्या टेबलाशेजारी) चिकटवा, म्हणजे घाबरलेला नवखा पोरगासुद्धा ते करू शकेल. वर्षातून दोनदा न सांगता सराव घ्या, रात्री एकाने फोन करायचा आणि घड्याळ लावायचं, फोनपासून लाइव्ह आवाज जाईपर्यंत किती मिनिटं लागली.

पैसे, आणि लोक खरंच ऐकतात का

पैशाचा एकच रस्ता कुठेच नाही. अमेरिकेत बर्कलीचं केपीएफए हे स्टेशन १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर उभं आहे, बोलिव्हियातल्या खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून कापून आपली स्टेशन्स चालवली. तुम्हाला थोडी वर्गणी, थोड्या जाहिराती, थोडं अनुदान असंच जुळवावं लागेल. फक्त कुठल्याही एका जाहिरातदाराचा वाटा इतका वाढू देऊ नका की त्याच्या विरोधातली तक्रार उत्तर बाकीच्या वहीत लिहिताना हात थांबेल. जाहिरात घेताना हे तोंडावर सांगून टाका, नंतर सांगणं फार अवघड जातं.

लोक ऐकतात का हे कळायला फेसबुकचे लाइक मोजू नका, ते लाइक गावाबाहेरूनही येतात. महिन्यातून एक सकाळ टीममधल्या प्रत्येकाने बाहेर काढायची, बस थांबा, दवाखान्याचा बाक, शाळेचं फाटक, आणि भेटेल त्याला विचारायचं. आमचा रेडिओ ऐकता का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. काल रेडिओवर काय ऐकलंत ते विचारा. एखादी गोष्ट नेमकी सांगता आली तर ऐकलंय, नुसतं "छान असतं" म्हणाले तर नाही ऐकलं. आणि त्यानंतर विचारा की बंद कधी करता, कशामुळे करता. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जशीच्या तशी लिहून आणा, स्वतःच्या शब्दांत गोड करू नका, आणि पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिली ती वाचा.